दुबार

जनरेटर बंद पडला की माझं बोट थांबत नसे.
नोंद गेली की नाही कळायचं नाही,
मग पुन्हा एंटर. आणखी एकदा, खात्रीसाठी.
असं करत फेब्रुवारीत एकाच बाळाला मी
तीनदा जन्म दिला.
इबादानहून पत्र आलं :
लशी एकशे बारा, बाळं एकशे चाळीस,
वरची अठ्ठावीस कुठून आणलीस, इदोवू?

मीच म्हटलं, मग कुलूप घाला.
ग्बोलाहान आला मोटारसायकलवरून, लॅपटॉप पोटाशी धरून,
उकडलेल्या यामचा तुकडा चावत म्हणाला,
सोपं आहे. आईचा फोन नंबर, जन्मतारीख, आडनाव,
तिन्ही जुळलं की ते तेच माणूस.
तक्त्याच्या दारात पहारा बसवतो.
आधीच आत असेल त्याला दुसऱ्यांदा सोडायचं नाही,
आणि आरडाओरडाही करायचा नाही.
गप्प वगळ, असं त्यानं लिहिलं.
मला ते आवडलं.
त्या रात्री मी निवांत झोपले.

दोन महिने आकडे शहाण्यासारखे वागले.

ग्बोलाहान लागोसचा. त्याला कोण सांगणार
की आमच्या गावात दर चौथ्या दारात
एक ताइवो असते आणि एक केहिंदे,
की बाजारात केहिंदे म्हणून हाक मारली
तर मिरच्या विकणाऱ्या पाच बायका मान वळवतात.
मी तरी सांगायला हवं होतं.
मी इदोवू, जुळ्यांच्या पाठीवर आलेली.
माझं नावच सांगतं, आधी दोघं होती.

मे महिन्यात मोरेनिके आली, एलुबो विकणारी,
एक पाठीला बांधलेली, एक कडेवर.
दुसरा डोस.
ताइवो सापडली. वजन, तारीख, डाव्या मांडीतली सुई, सगळं.
केहिंदे नाही.
आडनावानं शोधलं, नंबरानं शोधलं,
दर वेळी ताइवोच पुढे येऊन उभी.
एकाला झाकावं, दुसऱ्याला काढावं, म्हणतात ना,
इतक्या सारख्या दिसणाऱ्यांना?
यंत्रानं एकीला झाकलं
आणि काढलंच नाही.

मोरेनिके पडद्याकडे बघत राहिली.
वाचता येत नव्हतं तिला, पण ओळी मोजता येत होत्या.
‘म्हणजे याला वाटतं,’ ती म्हणाली,
‘देवाचं बोट चुकून दोनदा पडलं?’

मी काही बोलले नाही.
कपाटातून सुयांची वही काढली, कागदाची.
जिथे औषध गेलं पण नाव गेलं नाही
तिथे पेन्सिलीनं टिंब.
एकोणीस टिंबं.
एकोणीस केहिंदे, घरोघरी दूध पीत, रडत, दात काढत,
माझ्या तक्त्यात अजून जन्मायच्या.

ग्बोलाहान फोनवर बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
एक रकाना वाढवतो. जन्मक्रम.
चारही जुळलं तरच ते तेच.
आणि वगळताना यापुढे ओरडायला सांगतो.
ओरडू दे, मी म्हटलं. कानठळ्या बसू देत.

शुक्रवारी मोरेनिके परत.
केहिंदेच्या नव्या ओळीत मी दोन लिहिलं,
एंटर दाबणार, तर तिनं हात धरला.
‘दोन कसं? केहिंदे थोरली.
तिनंच ताइवोला पुढे धाडलं,
जा, जग चाखून ये, बरं असलं तर रड.
रडणं ऐकलं, मग ही सावकाश आली.
थोरली माणसं अशीच येतात.’

मागे रांग वाढत होती.
यंत्राला थोरलं-धाकटं कळत नाही,
त्याला फक्त दोन वेगळे आकडे हवेत.
मी ताइवोची ओळ उघडली, तिच्या एकाचे दोन केले.
केहिंदेला एक.
एंटर.

दिवा लुकलुकला. पडदा काळा.
बोट सवयीनं पुन्हा त्याच कळीवर गेलं
आणि तिथेच राहिलं, न दाबता,
जनरेटर लागेपर्यंत.
तेवढ्यात केहिंदे दोनदा शिंकली.